भाडं किती, हे विचारायचं कसं

ती. जाऊबाईंना,

सादर नमस्कार. तुमच्याकडे सगळ्यांच्या तब्येती ठणठणीत असणार असं धरूनच चालते, कारण तुमच्या घरात आजारी पडायला कुणी सहसा धजत नाही. तरी भाऊजींच्या गुडघ्याचं काय झालं ते कळवा. (चढताना दुखतो आणि उतरताना दुखत नाही, असं ते मागे म्हणाले होते. आमच्या ह्यांचं म्हणणं, त्यावर लिफ्ट हाच उपाय आहे. पण लिफ्टदुरुस्तीच्या नोकरीत माणूस इतकी वर्षं राहिला की त्याला डोकेदुखीवरसुद्धा लिफ्टच सुचते, तेव्हा डॉक्टरांना विचारलेलं बरं.) आम्ही खुशाल आहोत. छोटी दुसरीत गेली, तिचे पुढचे दोन दात पडले आणि त्या फटीतून ती आता शिट्टी वाजवते.

फोन करायचा सोडून ही पत्र काय लिहीत बसली, असं तुम्हाला वाटेल. तर सासूबाईंची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली, हे तुम्हाला मी सांगायला नको. दोन खोल्या पलीकडे मी कुजबुजले तरी त्यांना माझंच काय, समोरच्याचंही बोलणं कळतं. आणि दुकानातून फोन करावा तर मालक काचा पुसता पुसता सगळं ऐकतात. म्हणून दुपारी गिऱ्हाईक नसताना चष्म्याच्या दुकानात बसून हे लिहिते आहे. मध्येच अक्षर बिघडलं तर समजा, कुणीतरी चष्मा कानाला टोचतोय म्हणून आलं होतं.

तुमच्याकडचे सहा महिने संपवून सासूबाई आमच्याकडे आल्या, त्यानंतर दोन महिन्यांनी आमचे घरमालक आले. इतका सज्जन माणूस की घर खाली करा हे सांगायला सुद्धा त्यांना दोन कप चहा लागला. त्यांची लेक परदेशातून कायमची परत येते आहे, तिला ही जागा हवी. तीन महिन्यांची मुदत देतो म्हणाले, आणि जाताना आमच्यापेक्षा त्यांचाच चेहरा उतरला होता. आम्हीच त्यांना धीर दिला. दार लावल्यावर मात्र आम्ही दोघं एकमेकांकडे बघत बसलो. गेली सात वर्षं आम्ही एकाच घरात राहिलो, भाडं कधी फारसं वाढलं नाही, त्यामुळे बाहेर काय भाव चालू आहे याचा आम्हाला पत्ताच नव्हता. छोटीची शाळा, माझं दुकान, ह्यांचं ऑफिस, सगळं इथेच. म्हणजे घर हवं ते ह्याच चार गल्ल्यांत.

ह्यांनी ते काम शास्त्रशुद्ध करायचं ठरवलं. रोज संध्याकाळी संगणकासमोर बसून भाड्याच्या जाहिराती वाचायच्या आणि सगळ्यांची सरासरी काढायची. आठवडाभराने त्यांनी निकाल जाहीर केला. आमच्या भागातलं सरासरी घर पावणेदोन खोल्यांचं, अडीचाव्या मजल्यावर आणि आमच्या ऐपतीच्या किंचित बाहेर निघालं. मी म्हटलं, असं घर कुठे आहे ते दाखवा, आपण जाऊन बघू. त्यावर ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. जाहिरातींचे फोटो तर काय सांगू! एका घराचं मोरीतलं भांडी घासायचं सिंक असं टिपलं होतं की मला वाटलं आत पोहण्याचा तलाव आहे. 'भरपूर उजेड' म्हणून लिहिलेल्या घरात आम्ही गेलो, तर उजेड भरपूर होता, पण बटण दाबल्यावर.

मग एक दलाल गाठला. त्याचं खरं नाव मी विसरले, कारण आम्ही त्याला 'प्रशस्त' म्हणतो. तो दार उघडतो, एक पाऊल आत टाकतो (दुसरं टाकायला पुष्कळदा जागा नसते) आणि हात पसरून म्हणतो, प्रशस्त. पहिल्या प्रशस्त घरात फ्रीजचं दार उघडायचं तर माणसाला बाहेर जिन्यात उभं राहावं लागत होतं. दुसऱ्या घरासमोर मोकळी जागा होती, ती खरंच मोकळी होती, कारण तिथे नव्या इमारतीचा पाया खणून ठेवलेला. तिसरं घर मला आवडलं होतं हो. खिडक्या मोठ्या, भिंती कोरड्या. पण चौथा मजला. आणि तुमचे दीर कुठल्याही इमारतीत शिरले की घर नंतर बघतात, आधी लिफ्टच्या दाराला कान लावतात. कान काढला आणि म्हणाले, हिला मी ओळखतो, हिच्यासाठी मला आत्ताच महिन्यातून दोनदा यावं लागतं, वर राहायला आलो तर लोक मला झोपेतून उठवून नेतील. झालं, तिसरं घर गेलं.

त्यात छोटीने एक दिवस भर घातली. प्रशस्तने अगदी गोड आवाजात विचारलं, तुमची भाड्याची मर्यादा किती? ह्यांनी ठरवल्याप्रमाणे कमी आकडा सांगितला. त्यावर छोटी शिट्टीसारख्या आवाजात म्हणाली, "बाबा, काल तर तुम्ही आईला जास्त म्हणाला होतात." त्या क्षणापासून गावातल्या यच्चयावत घरांचं भाडं बरोबर आमच्या त्या जास्तीच्या आकड्यावर येऊन थांबलं. एका घरमालकाने तर प्रशस्तच्या तोंडाकडे बघूनच आकडा बदलला.

इतके दिवस सासूबाई गप्प होत्या. तुम्हाला माहीत आहे त्या आमच्याकडे कशा असतात. (तुमच्याकडे कशा असतात ते मला माहीत नाही. आपण दोघी कधी त्याविषयी मोकळेपणी बोललोच नाही, नाही का?) आमच्याकडे त्या पाहुण्यासारख्या असतात. स्वतःचा कप स्वतः विसळतात, कुणाच्या वाटेत येत नाहीत. पण त्या संध्याकाळी जेवताना त्या एवढंच म्हणाल्या, "तुम्ही घर देणाऱ्यांना विचारताय. जे भाडं भरतात त्यांना विचारा." हे म्हणाले, आई, कुणी खरं सांगत नाही. त्या म्हणाल्या, विचारलं तर नाहीच सांगत.

दुसऱ्या दिवशी त्या शिंप्याच्या दुकानाबाहेरच्या बाकावर जाऊन बसल्या. त्यांची पद्धत मला पुढे कळली, ती तुम्हाला सांगते, कधी उपयोगी पडेल. एखाद्या बाईजवळ भाड्याची चौकशी करायचीच नाही. आपणच कुठलातरी चुकीचा आकडा खात्रीने सांगून टाकायचा. त्या कोपऱ्यावरच्या इमारतीत फार स्वस्त आहे म्हणे, अमुकमध्ये मिळतं. की समोरची बाई उसळलीच. कोण म्हणतं? मी तिथेच राहते, अमुक नाही, तमुक देतो आम्ही, वर पाण्याचे वेगळे! माणसाला विचारलं की तो आखडतो, पण चुकीचं कानावर पडलं की सुधारल्याशिवाय त्याला राहवत नाही. सासूबाई म्हणतात, हे त्या एक्स्चेंजमध्ये शिकल्या. नंबर कुठला हवा असं विचारलं की लोक गोंधळायचे, चुकीचा नंबर म्हणून दाखवला की पटकन बरोबर सांगायचे.

चार-पाच दिवसांत त्यांनी आमच्या भागातल्या निम्म्या घरांचं खरं भाडं जमवलं. सगळं तोंडपाठ. ह्यांच्या सरासरीपेक्षा ते इतकं खाली होतं की हे खुर्चीवरून उठून सासूबाईंना पाणी द्यायला गेले. जाहिरातीत असतो तो मालकाला पडलेल्या स्वप्नाचा भाव, हे आम्हाला तेव्हा कळलं. मी इतकी खूश झाले की त्या दिवशी दुकानात एका गृहस्थांना चष्म्याची दोरी फुकट दिली. (मालकांना सांगितलेलं नाही.)

पण मग पिवळी इमारत आली. आमच्या गल्लीच्या टोकाला आहे, चार मजली, बिनलिफ्टची, म्हणून ह्यांना आवडलेली. सासूबाई तिथे पोचल्या तेव्हा दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंना वाटलं, नगरपालिकेतून कुणी पाहणीला आलं. त्यांनी सासूबाईंना आत बसवलं, छताची गळती दाखवली, नळ दाखवला, विजेचा मीटर दाखवला आणि शेवटी मुलाच्या पाठीवरचं पुरळही दाखवलं. सासूबाईंनी आपण नगरपालिकेच्या नव्हेत हे सांगितलं की नाही, याबद्दल घरात अजून मतभेद आहेत. त्यांचं म्हणणं, सांगितलं, पण त्या बाई ऐकायला तयार नव्हत्या. खरी गंमत पुढे. सासूबाई घरी न येता थेट नगरपालिकेत गेल्या आणि ती गळती तिथे सांगून आल्या. आणि त्याच आठवड्यात खरंच एक माणूस येऊन गळती बघून गेला! त्या दिवसापासून पिवळ्या इमारतीत सासूबाईंचा असा दरारा की त्या जिन्यात दिसल्या की दारं आपोआप उघडायची.

आणि त्या उघड्या दारांतूनच घोटाळा झाला. पहिल्या मजल्यावर डावीकडे एक कुटुंब, उजवीकडे एक. घरं तंतोतंत सारखी. सासूबाईंनी जिन्यात उभ्याउभ्या आपला नेहमीचा चुकीचा आकडा टाकला. डावीकडच्या बाईंनी तो सुधारला. उजवीकडच्या बाईंनी डावीकडच्या बाईंना सुधारलं. मग कळलं की उजवीकडच्या दीडपट भाडं देत होत्या. इतकी वर्षं ज्या एकमेकींना साखर उसनी देत होत्या, त्यांनी त्याच जिन्यात नवऱ्यांना हाका मारल्या. तिसऱ्या मजल्यावरचे खाली आले. चौथ्यावरचे आले. रात्रीपर्यंत अख्ख्या इमारतीने आपापली भाडी एकमेकांना सांगितली, आणि दुसऱ्या दिवशी सगळे मिळून मालकाच्या दारात. बिचाऱ्याला सगळ्यांचं भाडं सारखं करावं लागलं. ज्यांचं कमी झालं ते खूश झाले. पण तळमजल्यावर एक क्लॅरिनेट वाजवणारे गृहस्थ होते, ते सगळ्यांत कमी देत होते. त्यांचं वाढलं, आणि ते रागाने घर सोडून गेले. (शेजारी म्हणतात, भाडं सारखं झालं त्यापेक्षा क्लॅरिनेट गेली याचा आनंद जास्त आहे.)

हे सगळं आमच्या कानावर आलं तेव्हा हे फार चिडले. आपण घर शोधतोय आई, मोर्चा काढत नाही, असं म्हणाले. आता ह्या भागात कुठला मालक आपल्याला दारात उभं करील? आणि जाऊबाई, खरं सांगते, मीही दोन शब्द बोलले. मुदतीतले दोन महिने संपत आले होते, छोटीची शाळा बदलायची वेळ आली तर काय, ही धास्ती होती. दुसऱ्या दिवसापासून सासूबाई बाहेर पडल्या नाहीत. खिडकीकडे पाठ करून मटार सोलत बसायच्या. मी एकदा म्हटलं, जरा फिरून या. तर म्हणाल्या, नको, मी आता थोडेच दिवस आहे, कशाला तुमच्या कामात पाय अडकवू. रागाने म्हणाल्या असत्या तर बरं वाटलं असतं. अगदी साध्या आवाजात म्हणाल्या.

मग एक दिवस आमच्या दुकानात एक गिऱ्हाईक आलं. नंबर तपासायचा होता. मी त्यांना खुर्चीत बसवलं, नाकावर ती जड चौकट चढवली, काचा घालायला लागले, आणि गृहस्थ बोलायला लागले. डोळे कशाने बिघडले म्हणता, मनस्तापाने. त्यांची एक पिवळी इमारत आहे. तिथे एक म्हातारी बाई शिरली. माझ्या हातातली काच तिथेच थांबली. मी विचारलं, आता स्पष्ट दिसतंय की मघाशी? ते म्हणाले, आता. आणि पुढे सुरू. दहा भाडेकरू होते, कुणाला कुणाचं माहीत नव्हतं, सगळे सुखात होते. आता तळमजला रिकामा पडलाय आणि जास्त भाड्याने कुणी घेत नाही, कारण येणारा प्रत्येक जण आधी पहिल्या मजल्यावर जाऊन भाव विचारून येतो. मी विचारलं, आता? ते म्हणाले, अंधुक. मी काच बदलली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, आम्हाला बघता येईल का तो तळमजला? चौकटीतून त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या काचांमधून त्यांना मी फार मोठी दिसत असणार. म्हणाले, या संध्याकाळी.

मी ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, आईला नेऊ नकोस. मी नेलं. कारण खरा भाव त्यांच्याच डोक्यात होता, आणि दुसरं म्हणजे तो मटार आता मला बघवत नव्हता.

मालकांनी दार उघडलं, सासूबाईंना बघितलं आणि चष्मा काढून पुसला. मला वाटलं, संपलं. पण सासूबाई सरळ आत गेल्या, नळ सोडून बघितला, भिंतीला हात लावला, खिडकी उघडून मिटली आणि एक आकडा सांगितला. ना कमी ना जास्त, जो आता अख्खी इमारत देते तोच.

"तुम्हाला कसं माहीत?" मालक म्हणाले, आणि मग त्यांना स्वतःलाच हसू आलं.

मग ते म्हणाले की गेल्या महिन्यापासून त्यांच्याकडे भाडं कमी करा म्हणून कुणी आलेलं नाही. पूर्वी रोज कुणीतरी यायचं, प्रत्येकाला वाटायचं आपल्यालाच लुटतायत. आता कुणी येत नाही, झोप बरी लागते. घर देतो. फक्त एक अट, ह्या बाईंनी जिन्यात उभं राहून भाड्याविषयी बोलायचं नाही. सासूबाई म्हणाल्या, "जिन्यात नाही बोलणार." (अंगणाचं त्यांनी विचारलं नाही.)

तर जाऊबाई, घर मिळालं! दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागे एक लहान खोली, जिच्या खिडकीशी एक झाड इतकं चिकटून आहे की फांदी आत घ्यावी की बाहेर ठेवावी हे रोज ठरवावं लागेल. शाळा पाच मिनिटांवर, आणि ही पाच मिनिटं मी स्वतः छोटीचा हात धरून चालून बघितली आहेत. भाडं आमच्या पहिल्या, खोट्या आकड्यापेक्षाही कमी. हे तर इतके खूश की बिनलिफ्टच्या इमारतीच्या जिन्यात उगीचच वर-खाली करून आले. परवा सामान हलवतो आहोत.

काल संध्याकाळी सासूबाईंना ती मागची खोली दाखवली आणि म्हटलं, ही तुमची. त्यांनी खिडकीतून झाडाकडे बघितलं आणि विचारलं, "कधीपर्यंत?" गाडी किती वाजता सुटते असं विचारावं, तसं. घरी येऊन मी भांडी गुंडाळत बसले, पण तो प्रश्न काही गुंडाळला गेला नाही.

पत्र फार लांबलं. भाऊजींना नमस्कार, मुलांना गोड पापा. तुमचं लक्ष आमच्यावर असतंच, तसंच राहू द्या.

तुमची,
धाकटी

ता. क. खरं म्हणजे हे सगळं लिहिलं ते पुढच्या दोन ओळींसाठी. पुढच्या महिन्यात सासूबाईंची तुमच्याकडे यायची पाळी आहे. त्या इथेच राहिल्या तर चालेल का? नेहमीसाठी. तुम्ही त्यांची फार छान बडदास्त ठेवता हे मला माहीत आहे, म्हणूनच मागायला भीती वाटते. पण सहा-सहा महिने करता करता त्या दोन्हीकडे पाहुण्याच राहिल्या. इथे गल्लीत त्यांना लोक ओळखतात. शिंपी त्यांच्यासाठी बाक पुसून ठेवतो.

ता. क. दुसरा. मी सुचवलं तर त्या म्हणतील, थोरलीला वाईट वाटेल. म्हणून तुम्हीच त्यांना कळवा की तुमच्याकडे रंगकाम निघालं आहे. निघालं नसेल तर एखादी भिंत तरी रंगवायला काढा, म्हणजे खोटं होणार नाही. हे माझ्या मनातलं आहे, ह्यांनाही सांगितलेलं नाही. पत्र ह्यांच्याकडे टाकायला देते आहे, पाकीट घट्ट चिकटवून.

ता. क. तिसरा, वेगळ्या अक्षरात.

थोरल्या सुनेस अनेक आशीर्वाद. धाकट्याला लिफ्टच्या कामावर धावावं लागलं, म्हणून पत्र टाकायला त्याने माझ्याकडे दिलं. पाकीट मी वाफेवर उघडलं. दुसऱ्यांचं बोलणं ऐकायची नोकरी केलेल्या बाईला एवढं माफ असावं.

पोरीने लिहिलंय बरं, पण तिखटमीठ पुष्कळ आहे. मी त्या बाईंना नगरपालिकेची नाही असं स्पष्ट सांगितलं होतं. आणि मटार एकच दिवस सोलला, पुढे घेवडा होता.

रंगकाम काढू नकोस, मागच्याच वर्षी काढलंस, उगीच खर्च. या दोघांसाठी भाव विचारत फिरले तेव्हा एका खोलीचाही विचारत होते. शिंप्याच्या वरची आहे. रस्त्यावर खिडकी, कोपऱ्यात ओटा, भाडं माझ्या पेन्शनच्या निम्म्याहून कमी. ते खरं भाडं आहे, खात्री करून घेतली आहे. एक तारखेपासून घेतली. पिवळ्या इमारतीतून हाक मारली तर ऐकू येते, आणि न ऐकल्यासारखंही करता येतं, इतक्या अंतरावर.

तुम्ही दोघी मला ठेवून घ्यायला भांडाल की ठेवून न घ्यायला, हे मला इतकी वर्षं कळत नव्हतं. आज हे पत्र वाचून कळलं. फार बरं वाटलं, म्हणूनच आता निर्धास्तपणे वेगळी राहते. धाकटीला आज जेवताना सांगणार आहे. आधी रडेल, मग झाडाची खोली छोटीला देईल. तुझ्याकडे येईन, पण चार दिवस, आणि कप मी विसळणार नाही.

तुम्ही माझ्याकडे जरूर या. येण्याआधी मात्र कळवा. मी घरी असेनच असं नाही.